आईच्या कानाजवळ ठेवलेला स्पीकर

अकोल्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांनी माझे डोळे उघडले नसते, तर मी अजूनही आईलाच दोष देत बसलो असतो. इथं सुरतेत कारखान्यात झाळकामाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, वास आला की त्यांचं दुकान आठवतं. आईला कमी ऐकू येतं म्हणून सुट्टीत मी एक दणदणीत स्पीकर अकोल्याला घरी नेला होता. नववीत शाळा सोडलेल्या मला वाटलं, जितका मोठा तितका चांगला. लावला तर खिडकीच्या काचा थरथरल्या, पण आई मालिका पाहत नुसती हसत होती. “मालिकेतली सून काय म्हणाली, सांग बरं,” मी विचारलं. तिला सांगता येईना. मालिका पाहायला आलेल्या शेजारणींसमोरच मी ओरडलो, “एवढं आणून देलं तरी नाटक कावून करतं, माय?” आई उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिनं टीव्हीच लावला नाही. स्पीकर खराब असेल म्हणून मी तो चाचांकडं नेला. “बेटा, डबा ठीक हाय. या धमधमीत बोलणं बुडून राहिलं. तुया मायले मोठा नाही, साफ आवाज पायजे,” म्हणत ते दुकान बंद करून घरी आले. धमक, म्हणजे बेस, कमी करून त्यांनी तोच स्पीकर आईच्या खुर्चीजवळ स्टुलावर ठेवला. बातम्या लागल्या, आई एकेक शब्द ऐकत राहिली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाली, “मी नाटक नव्हती करत रे.” मला माफीसुद्धा मागता आली नाही. आता म्हणे चाचांनाही कमी ऐकू येतं, समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. गावी गेलो की त्यांच्या शेजारी बसेन, आणि दहादा विचारलं तरी दहादा सांगेन, आवाज न चढवता.