विजेत्याची जागा

शारजाच्या औद्योगिक भागात ट्रॉफ्यांवर नावं कोरणारा एक रत्नागिरीकर चाचा आहे. त्याचं स्वतःचं नाव मी विचारलं नाही. मी वैतागलेलो होतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांचे आंतरराष्ट्रीय सामने भरत. त्यांच्या स्मरणार्थ आमच्या कॉलेजला पितळी पाटी लावायची होती. मजकूर माझा होता: दोन ओळी सामन्यांबद्दल, बाकी अध्यक्ष, प्रमुख पाहुणे आणि प्रायोजक. अनावरण दुसऱ्या दिवशी होतं, आणि हा गृहस्थ एकेका शब्दावर बोट ठेवून पुटपुटत वाचत होता.

"चाचा, यल्ला, लवकर आटपा!"

"इन्शाल्ला," म्हणत त्याने चहा मागवला.

संध्याकाळी पाटी मिळाली. तळाशी चार बोटं जागा कोरी होती.

"हे काय?" मी ओरडलो.

"विजेत्याची जागा, साहेब. ती आम्ही सोडतोच. तुमच्या कागदावर खेळलेल्या एकाचंही नाव नाय. मिळालं की आणा, कोरून देतो."

पाटी तशीच लागली. टाळ्या वाजल्या, कोरी जागा कुणालाच खटकली नाही. मी मात्र महिनाभर जुनी वर्तमानपत्रं चाळतोय. नाव सापडलं की पुन्हा त्याच्यासमोर बसून तो चहा प्यावा लागणार, याचाच संताप येतो.