प्रकाशच्या खोलीचा पाइप

भुताखेताच्या गोष्टी निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. अमक्याला विहिरीवर कोणी दिसलं म्हणून कुणी सांगितलं, तर मी विचारायचो – किती अंतरावरून? उजेड किती होता? मोजता येत नाही ते मला पटत नाही. तरी हे लिहितोय, कारण यात मोजण्यासारखं जे होतं ते मी मोजून पाहिलं... आणि मेळ बसत नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. आम्ही मूळ बोदवडचे. नोकरी जळगावात, म्हणून मी आणि धाकटा भाऊ प्रकाश, दोघांनी मिळून गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत प्लॉट घेतला. खाली माझं बिऱ्हाड, वर त्याचं. तो पाइपच्या कारखान्यात होता, त्यामुळे वायरिंगचे पाइप कुठून न्यायचे हे खातं त्याचं. केबल तेव्हा नुकतीच आली होती. गच्चीपासून त्याच्या पलंगासमोरच्या भिंतीपर्यंत त्याने टीव्हीचा पाइप आखला – बत्तीस फूट, दोन वळणं. शेजारून फोनचा, आणि आणखी एक रिकामा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"भाऊ, पुढे कॉम्प्युटर फोनच्या तारेवर बोलतील म्हणे."

"आधी आपल्या फोनचा नंबर तर लागू दे!"

"तू बस नंबराची वाट पाहत. आमची विमल पलंगावर बसून सिनेमा पाहील."

विमल म्हणजे त्याची बायको. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं.

वरचा स्लॅब ओतला त्या दिवशी प्रकाश सकाळपासून सेंट्रिंगवर उभा होता. त्यानंतर प्लास्टर व्हायच्या आतच तो काविळीने गेला.

वर्षश्राद्ध होईपर्यंत आम्ही कामाला हात लावला नाही. विमल सावद्याला माहेरी होती. नातेवाईक म्हणत, वरचा मजला भाड्याने द्या. मला आणि माझ्या बायकोला ते नको होतं. प्रकाशची खोली विमलची, तिने तिथे राहावं, एवढंच आमच्या मनात होतं. तिचं कपाट, शिलाई मशीन आधीच वर नेऊन ठेवलं होतं.

वायरिंग सुरू झालं. पाइपातून वायर ओढण्याआधी पोलादाची लवचीक तार सरकवतात, तिला वायरमन स्प्रिंग म्हणतात. सगळीकडून ती गेली. प्रकाशच्या टीव्हीच्या पाइपात मात्र एकवीस फुटांवर अडली. मी स्प्रिंगवर तिथे चिकटपट्टीची खूण केली. पुन्हा सरकवली, पुन्हा तिथेच.

"वळणात सिमेंट उतरलंय, भाऊ," आमचे वायरमन गफूरभाई म्हणाले. "भिंत फोडा, नाहीतर बाहेरून वायर टाका."

म्हटलं, थांबा जरा.

त्याच दुपारी विमल आली – भावाला आणि टेम्पो घेऊन. आमच्यात धाकट्या भावाची बायको मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घेते, थेट बोलत नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा, तरी ती माझ्या बायकोलाच म्हणाली, "अक्का, भाऊंना सांगा, खोली भाड्यानं द्या. मी सावद्यालाच बरी."

मीही बायकोलाच म्हणालो, "तिला सांग, खोली तिची आहे. कपाट हलवायचं नाही."

ती मशीन आवरत राहिली. मला तिथे उभं राहवेना. गच्चीवर गेलो. गफूरभाई जेवायला गेले होते, स्प्रिंग तिथेच पडलेली. हातांना काहीतरी हवं म्हणून ती पाइपात सरकवली. खुणेपाशी अडली. मी तशीच धरून बसलो.

आणि खालून ती ओढली गेली... दोन छोटे झटके, मग एक लांब ओढ. खूण आत गेली, पुढची स्प्रिंगही सरसर गेली.

हे झटके काय, ते सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात बोदवडला आमचा पहिला टीव्ही आला. मी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, अँटेना फिरवायचो, प्रकाश आत टीव्हीसमोर. "भाऊ, मुंग्याच मुंग्या दिसून राह्यल्या!" म्हणून तो ओरडायचा, पण वाऱ्यात काही ऐकू येईना. म्हणून त्याने युक्ती काढली. चित्र आलं की तो अँटेनाची वायर आतून ओढायचा – दोन झटके, एक लांब ओढ. म्हणजे, आलं, आता हलू नकोस.

मी धावत खाली गेलो. विमलचा भाऊ रस्त्यावर टेम्पोपाशी होता. खोलीत दोघीच, दाराशी, मशीनचं टेबल धरून. समोरच्या भिंतीत पाइप निघतो त्या बॉक्समधून स्प्रिंग हातभर बाहेर आलेली, अजून हलत होती.

"कोणी ओढली?"

"आमचे हात कुठे मोकळे आहेत?" बायको म्हणाली. "तुम्हीच ढकलली ना वरून?"

मी सगळं सांगून टाकलं. अँटेना, झटके, सगळं. मला वाटलं, हे ऐकून तरी विमल थांबेल. प्रकाशलाच ती इथे हवी आहे, हे तिला कळेल.

तिने टेबल खाली ठेवलं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली.

"भाऊ, मी इथंच उभी होते. मला काहीच कळलं नाही. ती खूण तुमची... माझ्यासाठी काय खूण ठेवली त्यांनी?"

टेम्पो भरला. जाताना ती पाया पडली, माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली आणि गेली.

स्प्रिंग मी तोवर बाहेर काढून ठेवली होती. "गेली होती तर वायर बांधूनच ओढायची ना, भाऊ!" जेवून आलेले गफूरभाई म्हणाले. पुन्हा सरकवली – एकवीस फूट. शेवटी भिंत फोडली. वळणात सिमेंट गच्च बसलेलं, सुईही जाणार नाही असं. तो तुकडा मी इंजिनिअरला दाखवला. स्प्रिंग यातून जाणं शक्य नाही, म्हणाला. मलाही ते मान्य आहे. पण ती गेली होती, हे आम्ही तिघांनी पाहिलं.

विमल सावद्याला शिवणकाम करते. दिवाळीला आम्ही जातो. ती आता माझ्याशी थेट बोलते – तब्येतीचं, पोरांचं, केळीच्या भावाचं. तो प्रश्न तिने पुन्हा कधी विचारला नाही. मी मात्र प्रत्येक वेळी बसमध्ये बसल्यापासून उत्तर शोधत असतो... सावदा येतं, तरी सापडत नाही.