जर्सीचा गोऱ्हा

मी नवरी होऊन आंजीला आले, ते आणीबाणी उठली त्या वर्षी. माहेर वर्धा शहरातलं, त्यामुळे चहाची चटक दांडगी. आणि सासरी गाय एकच, ती आमच्याकडच्या गवळाऊ जातीची. दिसायला पांढरीशुभ्र, उंचीपुरी, चालीला चपळ. दूध मात्र वासरू पिऊन उरेल तेवढंच. घरात सात माणसं. माझ्या वाट्याला काळा चहा यायचा आणि माझं डोकं फिरायचं.

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, त्या गायीवर भारी जीव. घरची बैलजोडी तिच्याच पोटची होती. त्यातला एक साप चावून मेला. तेव्हापासून मामाजी एकाच गोष्टीची वाट पाहत होते. गायीनं आणखी एक गोऱ्हा द्यावा आणि उरलेल्या बैलाला जोडीदार मिळावा. गायीचं वय तर उतरत चाललं होतं.

तेवढ्यात गुरांच्या दवाखान्यात गाय फळवायचं, विलायती जर्सी जातीचं इंजेक्शन आलं. मी आपली जेवण वाढता वाढता बोलून मोकळी झाले, "मामाजी, गायीले जर्सीचं इंजेक्शन द्या ना. बादलीभर दूध होते म्हणतात." सासूबाईंनी डोळे वटारले. मामाजी घास चावत राहिले, मग म्हणाले, "बरं."

झाला गोऱ्हा, तांबूस रंगाचा. आणि दूध? गाय तीच, दूधही तेवढंच. वाढणार ते पुढच्या पिढीत, तेही कालवड झाली तर. एवढी अक्कल मला कुठली? त्यानंतर गाय फळलीच नाही. तिचं ते शेवटचं वेत.

तीन वर्षांत गोऱ्हा चांगला दांडगा झाला. मामाजींनी त्याला पांढऱ्या बैलाशेजारी जुंपलं. बैलाच्या मानेवर जू ठेवतात ते वशिंडाला अडतं, म्हणून ओढता येतं. याला वशिंडच नाही. पाठ ओट्यासारखी सपाट. दोन पावलं ओढलं की जू घसरून पाठीवर. शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणीतरी विचारलं, "काऊन बा, बैल जुंपला का म्हैस?"

मामाजींनी गोणपाटाची गादी शिवली, पोटाखालून दोर बांधला. आठवडाभर खटपट केली. गोऱ्ह्याचा खांदा सोलून निघाला आणि ऊन तापलं की तो जीभ काढून नांगराच्या तासातच बसायचा. शेवटी मामाजींनी त्याला सोडून दिलं. मी भाकर घेऊन गेले तेव्हा ते धुऱ्यावर बसले होते.

"मामाजी, माह्यं चुकलं," मी म्हटलं. "मले हे मालूम नवतं."

"तुले नवतं. मले होतं. जर्सीले वशिंड नसते, हे मी आंधीच आयकलं होतं."

"मंग काऊन हो म्हटलं तुमी?"

"तू घरात आल्यापासून पयल्यांदा काई मांगतलं होतं, पोरी. नाई कसा म्हणू?"

मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले. मामाजी उठले आणि गोऱ्ह्याच्या खांद्याला हळद-तेल लावू लागले.