कोबी पुसणारा

सोनाळ्याजवळ पोलिसांनी पत्ताकोबीचा टेम्पो अडवला, तेव्हा मला पंच म्हणून बोलावलं. मी कृषी सहायक, सरकारी माणूस, नाही म्हणता आलं नाही. कोबीखाली गांजाची पोती निघाली. पंचनामा चालू असताना टेम्पोचा ड्रायव्हर रस्त्यावर पडलेले गड्डे बाहीने पुसून परत कॅरेटमध्ये भरत होता. जमादार ओरडला तर म्हणाला, "कास्तकाराचा माल हाय सायेब, खराब होईन."

पोत्यांची खबर असलेला माणूस असा कोबी पुसत बसेल का, हे तेव्हाच माझ्या मनात आलं. पंचनाम्यात ते कुठेच आलं नाही. ते कोर्टात मी सांगू शकलो असतो.

साक्षीचे समन्स येत राहिले. एकदा पीकपाहणी होती, एकदा मेव्हण्याचं लग्न, नंतर नुसताच कंटाळा. चार वर्षं खटला पुढे सरकला नाही, म्हणून शेवटी तुरुंगातल्या ड्रायव्हरला जामीन मिळाला.

मी एकदाचा साक्षीला गेलो, तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीशी उकिडवा बसला होता. शेजारचं बाकडं रिकामंच होतं. मला ओळखून तो उठला आणि त्याने हात जोडले.

"तुमी तारखेले आले नाई म्हनून तं जामीन भेटला, सायेब. नाई तं अजून आतच असतो."

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता. त्याने बाकडं बाहीने पुसलं आणि म्हणाला, "बसा."