करुणानं उतरवलेलं खवल्या मांजर

करुणा हिवराळे चित्रकला महाविद्यालयातली माझी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं घर. वडील राजेंद्र औरंगपुऱ्यात गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवायचे, सरळ रेघ ओढायला ती त्यांच्याकडेच शिकली. वर्गात फारसं बोलायची नाही. विचारलं तर दोन शब्द, की पुन्हा मान कागदात.

त्या वर्षी मी मुलांना चित्रांचा प्रकल्प दिला होता : आपल्या भागातले रानजीव. प्राणी स्वतः पाहूनच काढायचा, अशी अट होती. तरी निम्म्या मुलांनी मोबाइलवरचे फोटो उतरवून आणले. मी चिडले आणि आणखी एक अट घातली. प्राणी कुठं दिसला त्याचा छोटा नकाशा चित्राच्या कोपऱ्यात हवाच. ही अट माझी होती, हे आधीच सांगून टाकते.

करुणा दर शनिवारी एसटीनं कन्नडला जायची. तिथून जीपनं डोंगराकडेच्या वस्तीवर, भामाबाईंकडे. भामाबाई तिची आत्या. शेळ्या चारून चारून त्यांना डोंगरातलं बीळ न् बीळ ठाऊक झालेलं. अकराव्या शनिवारी दिवेलागणीला खवल्या मांजर बिळाबाहेर आलं. शेपटीच्या बुडाशी पिल्लू चिकटलेलं. करुणा दगडाआड पालथी पडून होती. तिनं कागद काढलाच नाही, नुसतं बघत राहिली. चित्र घरी येऊन आठवणीतून काढलं आणि कोपऱ्यातल्या नकाशात बिळाजवळची वाकडी सालईसुद्धा दाखवली.

ते चित्र प्रदर्शनात लागलं तेव्हा लोक त्याच्यासमोर थांबायचे. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत असं काम दोनदाच पाहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन माणसं आली. बाकीच्या चित्रांकडे त्यांनी पाहिलंही नाही. एकानं मोबाइल काढला आणि नेमका कोपऱ्यातल्या नकाशाचा फोटो घेतला.

“ताई, हे अजून तिथंच राहतं का?”

“माहीत नाही,” करुणा म्हणाली.

“पिल्लू केवढं आहे?”

करुणा सरकून नकाशासमोर उभी राहिली. ते गेल्यावर तडक माझ्याकडे आली. “मॅडम, मी चित्र काढून घेते.”

“चार वाजता बाहेरचे परीक्षक येतायत. भिंतीवर चित्र नसलं तर गुण नाहीत.”

“त्यांनी पिल्लू केवढं ते विचारलं, मॅडम.”

“अगं, हौशी लोक असतात. उगीच मनात काही आणू नकोस.”

ती हॉलमध्ये गेली, स्टुलावर चढली आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक पिन उपटून चित्र गुंडाळलं. “आत्याचा फोन लागत नाही,” एवढंच म्हणाली.  तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, खवल्यांसाठी चोरून मारल्या जाणाऱ्या प्राण्याच्या बिळाचा पत्ताच आपण भिंतीवर टांगून ठेवला होता.

तिच्या वहीत तिथल्या वनरक्षकाचा, साहेबरावांचा नंबर होता. फोन लावला तर ते जंगलाच्या दुसऱ्या टोकाला गस्तीवर होते. “मी निघतोच. पण मी येईपर्यंत बिळाकडं जाऊ नका,” त्यांनी बजावलं.

आम्ही माझ्या गाडीनं निघालो. वेरूळच्या अलीकडे एक ट्रक आडवा बंद पडला होता. चाळीस मिनिटं आम्ही जागच्या हललो नाही. करुणा मांडीवर गुंडाळी घेऊन समोर बघत होती. 

वस्तीवर भामाबाई गोठ्यासमोर काठी घेऊन उभ्याच होत्या.

“दोघं आले व्हते गं. औषधाच्या मुळ्या पायजेत म्हनले. अन् इचारत्यात काय, वाकडी सालई कुठंय! मला लई खटकलं. मुळीवाल्याला सालईचं झाड कशाला लागतंय?”

“मग?” करुणानं विचारलं.

“दिलं पल्याडच्या ओढ्याला धाडून. पर तेंच्या फोनात नकाशा हाय. किती येळ भुलतील?”

करुणा धावत सुटली. मी धापा टाकत मागं. उतारावरून खाली पाहिलं तर ते दोघं बिळाशी पोचले होते. एक कुदळीनं उकरत होता, दुसरा गोणपाट धरून वाकला होता. साहेबरावांचा पत्ता नव्हता. मी करुणाचा हात घट्ट धरला.

“थांब. ते काहीही करतील.”

ती थांबली. पण कुदळ पुन्हा वर गेली तशी ती जिवाच्या आकांतानं ओरडली, “फॉरेस्टवाले आले! साहेब, इकडून! इकडून!” हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मागून भामाबाई आणि वस्तीवरच्या चार-पाच बायका आरडाओरडा करत उतरल्या. ते दोघं कुदळ, गोणपाट तिथंच टाकून मोटारसायकलकडे पळाले.  करुणा उभी राहून गाडीचा नंबर मोठ्यानं म्हणत होती, विसरू नये म्हणून.

अर्ध्या तासानं साहेबराव आले. बीळ निम्मं फुटलं होतं. त्यांनी आत बॅटरी मारली, कान लावला. काही नाही.

“निसटलं असंल, नाय तर आत खोल दडलं असंल. आता इथं कुणीच थांबू नका.”

आम्ही काहीच न कळता परतलो. त्या नंबरावरून दोन दिवसांत ती माणसं पकडली गेली, पण त्यांच्याकडूनही आईचं आणि पिल्लाचं काही कळलं नाही. परीक्षकांनी करुणाच्या नावापुढं ‘गैरहजर’ लिहिलं होतं. चूक माझी आहे असं मी लेखी दिलं, तेव्हा महिन्याभरानं तिला पुन्हा संधी मिळाली. मी खूप सांगून पाहिलं, पण ते चित्र तिनं परत लावलं नाही. घाईनं एक वारूळ काढून दिलं आणि बेताच्या गुणांनी पास झाली. नकाशाची अट मी कायमची काढून टाकली.

त्या संध्याकाळनंतर पाचव्या आठवड्यात ती वर्गात तेच वारूळ रंगवत असताना भामाबाईंचा फोन आला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, तसा तिनं स्पीकर लावला.

“पोरी, माग दिसला. शेपटीची लांब रेघ हाय मातीत, अन् बाजूला बारकी बारकी नखं. जित्ती हायेत दोघंबी.”

करुणा भिंतीला टेकली. 

“आत्या, कुठं ते मला सांगू नको.”

“नाय सांगत,” भामाबाई म्हणाल्या. “तूबी इचारू नको.”