एका अक्षराने काय बिघडतं?

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

इथे आखातात आमच्या हॉस्पिटलमधली बिल्याना मॅसिडोनियाची. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, शहराबाहेर उम्म सलालच्या तिच्या घरी ती तिच्या देशाच्या मुलांना जमवून आपली भाषा शिकवते. आज शहरात मुशैरिब भागात देशोदेशींच्या लोकांचा मेळावा होता. मुलांनी आपल्या अक्षरांचा मोठा तक्ता रंगवून आणला होता. आणि स्टॉलवर पाटी काय? ‘रशिया’!

पाट्या छापून घेणारे आपल्याच मराठी मंडळाचे काळेसाहेब. मी तावातावाने गेले, तर म्हणतात, “अगं, ती अक्षरं रशियनच दिसतात. कोणाला कळतंय? छापून झालंय आता, खलास!”

बिल्यानाच्या लेकीने तक्त्यावरच्या एका अक्षरावर बोट ठेवलं. “अंकल, हे रशियनमध्ये नाहीच. हे आमचं आहे.” साहेब “सो क्यूट” म्हणाले आणि चालू पडले.

हेच साहेब गेल्या गणपतीत निवेदिकेने ‘मिस्टर काले’ म्हटलं म्हणून माइक हिसकावून ओरडत होते, “ळ म्हणा, ळ! हिंदीत नसेल, आमच्यात आहे!” टाळ्या आपण सगळ्यांनीच वाजवल्या होत्या.

म्हणजे आपला ळ तेवढा अभिमानाचा, आणि त्या पोरीचं अक्षर म्हणजे नुसती नक्षी?

मी ती पाटी उलटी केली, मार्करने ‘मॅसिडोनिया’ लिहिलं आणि निघताना सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, “येते हं, कालेसाहेब!”

ते ताडकन वळले. “काळे!”

मी म्हटलं, “कोणाला कळतंय?”