बनियनवर टाय

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी पोरीचं कौतुक सुरू केलं की तुम्हाला सवड मिळायची नाही. खरं तर मी कौतुकच सांगायला बसलोय. पण त्या वाटेवर माझा गाढवपणा आडवा पडलाय, त्याला वळसा घालून जाता येत नाही. मग काय करणार?

मी शाळेचे गणवेश शिवतो. सोलापुरात हा धंदा करणारे लई आहेत, त्यातलाच मी एक. खाली शिलाईची मशिनं, वर आमचं घर. घरात मी, बायको सुनंदा आणि नववीतली पोरगी ऋतुजा.

यंदा ऋतुजाच्या शाळेनं नववीच्या मुलांना लॅपटॉप दिले. घरी न्यायचा, संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडायचा आणि त्याच्यासमोर बसून अभ्यास करायचा. लॅपटॉप घरी आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. नारळही फोडणार होतो, पण पाणी उडेल म्हणून ऋतुजानं माझा हात धरला.

आता पुढचं ऐका. एका संध्याकाळी मी वर आलो, तर ऋतुजा गणित विचारायला समोरच्या मैत्रिणीकडे गेलेली. लॅपटॉप टेबलावर उघडाच. जवळ जाऊन बघतो तर पडद्याच्या वर, अगदी मधोमध, लाल टिकली.

आमच्या घरातल्या टिकल्यांचं तुम्हाला सांगायला पाहिजे. सुनंदा कपाळावरची टिकली काढून कुठं चिकटवेल याचा नेम नाही. आरशावर, फ्रिजवर, न्हाणीच्या दारावर. एकदा माझ्या पाठीवर होती, मी तसाच बाजारात जाऊन आलो. तेव्हा मला काय वाटणार? नखानं टिकली काढली, ओल्या फडक्यानं जागा पुसली. शाळेची वस्तू आहे, जपायला नको?

टिकली निघाल्याबरोबर पडद्याच्या कोपऱ्यातला काळा चौकोन उजळला आणि त्यात माझं तोंड दिसायला लागलं. मी थक्क झालो. शाळेनं पोरांना भांग पाडायला आरसासुद्धा दिलाय! केवढा विचार करतात ही माणसं.

नेमका त्या दिवशी माझ्या हातात एका शाळेच्या टायचा नमुना होता, इलॅस्टिकवाला. गाठ मधोमध बसते का, ते बघायचं होतं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे, अंगात नुसतं बनियन. त्यावरच टाय चढवला. चौकोनात बघत डावीकडे वळलो, उजवीकडे वळलो. पहिलीतलं पोर प्रार्थनेला उभं राहतं तसा हात जोडून, डोळे मिटून उभा राहिलो. मग हात वर केला, कारण पोरं वर्गात हात वर करतात तेव्हाच टाय सरकतो. धंद्यात असं बारीक बघावं लागतं, हो. टाय काही सरकला नाही. खूश होऊन मिशीला पीळ दिला आणि खाली गेलो.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकेचा फोन. ऋतुजाला घेऊन मोठ्या मॅडमच्या ऑफिसात या, लॅपटॉपच्या संदर्भात बोलायचंय.

शाळेतून बोलावणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. माढ्याला मी शिकत असताना माझ्या वडिलांना बोलावणं यायचं आणि ते परत आले की माझी पाठ शेकून निघायची. पण ऋतुजाच्या बाबतीत आजवर दर वेळी बक्षीसच. मी हिशोब मांडला की लॅपटॉपवर सगळ्यात छान अभ्यास करणारी विद्यार्थिनी म्हणून सत्कार असणार. दुसरं काय असेल?

ऋतुजाचा चेहरा मात्र पडला. तिनं विचारलं, टिकली तुम्ही काढली का? मी छाती फुगवून सांगितलं, काढली आणि पुसूनही ठेवलं. तिनं कपाळाला हात लावला. मग ती काहीतरी समजावत होती, कॅमेरा, प्रोग्राम, फोटो वगैरे. मी शर्टाला इस्त्री करत होतो. मला वाटलं, लाजतेय.

तर असे आम्ही निघालो. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा डबा. सत्काराची आठवण राहावी म्हणून फोनवर व्हिडिओ सुरू केला आणि फोन खिशात असा उभा ठेवला की कॅमेरा वरून डोकावेल. ऑफिसात गेल्या गेल्या मी शाळेचे आभार मानले. मॅडमनी ते ऐकून घेतले. मग भिंतीवरच्या टीव्हीवर एक फोटो लावला आणि विचारलं, हे गृहस्थ कोण?

मी बघितलं. बनियन, टाय, डोळे मिटलेले, हात जोडलेले. म्हटलं, “मॅडम, कोण का असेना, असल्या माणसाला शाळेच्या आसपास फिरकू देऊ नका.”

ऋतुजा हळूच म्हणाली, “पप्पा, तुम्हीच आहात ते.”

मी चष्मा लावला. मीच होतो. पुढच्या फोटोत हात वर करून होतो. त्याच्या पुढच्यात मिशी पिळत होतो. कुठं तोंड लपवावं ते कळेना, पेढ्यांचा डबा तेवढा छातीशी धरून बसलो.

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी नीट सांगितलं. अभ्यासाच्या वेळेत पोर समोर बसलंय की नाही ते कळावं म्हणून त्या लॅपटॉपमधला प्रोग्राम मधून मधून फोटो काढतो आणि शाळेकडे पाठवतो. ऋतुजाच्या लॅपटॉपवरून पहिल्यापासून नुसता काळोख येत होता. कॅमेरा बिघडला असेल असं त्यांना वाटलं. आणि मग अचानक काळोखातून हा बाबा प्रकट झाला. पोरीच्या खोलीत कोण शिरलं म्हणून वर्गशिक्षिका घाबरल्या. ती काळजी खरीच होती. पण आता ऋतुजानंच कॅमेऱ्यावर टिकली चिकटवल्याचं उघडं पडलं होतं आणि कॅमेरा मुद्दाम झाकणाऱ्याचा लॅपटॉप काढून घ्यायचा, असा शाळेचा नियम.

मी लगेच हात जोडले, त्या फोटोतल्यासारखेच. म्हटलं, चुकलं मॅडम, पोर आहे, पुन्हा नाही करणार.

“करणार,” ऋतुजा म्हणाली.

मी तिचा हात दाबला. तिनं तो सोडवून घेतला आणि उभी राहिली. आवाज थोडा कापत होता, पण वाक्य एकेक करून बाहेर येत होतं.

“मॅडम, माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचं घर एका खोलीचं आहे. लॅपटॉप ठेवायचा तिथंच आई कपडे बदलते, तिथंच आजी झोपते. एक मुलगी तर अभ्यासाच्या वेळेत घरातल्या सगळ्यांना बाहेर बसवते. आमचा अभ्यास तुम्ही हवा तेवढा तपासा. रोज तपासा. पण त्यासाठी आमचं घर कशाला बघायचं? माझे पप्पा त्यांच्या स्वतःच्या घरात बनियनवर होते. त्यांचं काय चुकलं? त्यांना कुणी सांगितलं तरी होतं का, की शाळा बघतेय?”

नववीतली पोर हो! मला तर मोठ्या साहेबासमोर बोलायचं म्हटलं की अजून घाम फुटतो. आणि ही तिथं उभी राहून माझ्या बनियनची बाजू मांडत होती. माझे डोळे भरून आले. चष्मा काढला तर फोटोही अंधुक झाला, तेवढंच बरं वाटलं.

मॅडमनी आधी टीव्ही बंद केला. म्हणाल्या, प्रोग्राम कंपनीनं बसवून दिला, आम्हीही पोरांच्या भल्याचाच विचार केला, पण घरात आणखी कोण कोण असतं हे डोक्यातच आलं नाही. त्यांनी कॉम्प्युटरच्या सरांना बोलावून घेतलं. आमच्यासमोर माझे फोटो पुसायला लावले आणि सगळ्याच मुलांचे घरातले फोटो बंद करायला सांगितले. अभ्यास झाला की नाही ते दुसऱ्या दिवशी वह्या बघून कळेल, म्हणाल्या. लॅपटॉप ऋतुजाकडेच राहिला. निघताना मॅडमनी पेढासुद्धा घेतला.

घरी येताना स्कूटरवर मागं पोर बसलेली आणि मी पुढं. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला सांगावं की काय, असं होत होतं. घरी आलो तेव्हा लक्षात आलं की खिशातला व्हिडिओ चालूच राहिलाय. थोडा पुढं सरकवून बघितला. पोरीचं सगळं बोलणं शब्दन् शब्द आलेलं. पहिल्यापासून कशाला बघू? मी तिथं होतो की! तसाच पाठवून दिला. घरच्यांच्या ग्रुपवर, गल्लीच्या ग्रुपवर, गणवेशवाल्यांच्या ग्रुपवर. कुंभारीच्या मेहुण्याला वेगळा. खाली लिहिलं, ‘माझी वाघीण’.

पहिला फोन टेंभुर्णीहून आला, माझ्या थोरल्या भावाचा. मी म्हटलं, दादा, ऐकलंस का पोरीचं?

“पोरीचं मागनं ऐकतु,” दादा म्हणाला. “आदी मला सांग, ह्या वयात टाय लावून तू कुटल्या शाळंत नाव घातलंस?”

मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला. भिंत, टीव्ही, आणि टीव्हीभर मी. शाळेनं जे फोटो माझ्यासमोर पुसले होते, ते मी स्वतःच्या हातानं सगळ्या गणगोतात वाटले होते.

ऋतुजा मागं येऊन उभी होती. रागावली नाही. फक्त म्हणाली, “पप्पा, माझा व्हिडिओ काढताना मला विचारलं होतं का? आणि मॅडमना?”

मी तिची माफी मागितली आणि पुसायला बसलो. घाईघाईत एकेका ग्रुपवरून व्हिडिओ काढून टाकला, फोनमधूनही काढला. कपाळावरचा घाम पुसून सुनंदाला म्हटलं, झालं, सगळं साफ. तिनं आपला फोन पुढं केला. त्यात मी होतोच, मिशी पिळत. मी सगळीकडे ‘फक्त माझ्यासाठी’ डिलीट केलं होतं. सगळ्यांसाठी करायचं तर वेगळं बटण असतं म्हणे.

म्हणजे आता तो व्हिडिओ अख्ख्या गणगोताकडे आहे, माझ्याकडे तेवढा नाही. परवा पोरीचा तो आवाज पुन्हा ऐकावासा वाटला. राहवेना, म्हणून दादाला फोन केला. म्हटलं, तो व्हिडिओ जरा मला पाठव.

दादा म्हणाला, “पाठवतु की. पर आदी पोरीला इचारून ये.”